बोडीतल्या हिरव्या दगडाची चौकशी

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही जमत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर बचत गटाच्या वहीत सही आणि मुलीच्या पुस्तकांवर तिचं नाव, एवढंच लिहिणं झालं. जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारं कोण असेल ते मला ठाऊक नाही, कारण ही वही मी तांदळाच्या कोठीमागे ठेवते. पण आमच्या गावातल्या पुष्कळ बायांनी गडचिरोलीच्या पलीकडे काही पाहिलेलं नाही. मीही पाहिलं नव्हतं. आता पाहून आले आहे, तर डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

घरी

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. दोन एकर धानाचं शेत आणि शेताच्या डोक्यावर बोडी. बोडी म्हणजे लहान तळं, पाळ घालून पावसाचं पाणी अडवलेलं. धान निसवायच्या वेळी पाऊस पाठ फिरवतो तेव्हा याच पाण्यावर पीक हाती येतं. ज्याच्याकडे बोडी नाही त्याचं शेत त्या दिवसांत पाहवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात बोडीचा गाळ काढत होतो. माझ्या घमेल्यात एक जड ढेकूळ आलं. धुतलं तर दगड, नारळाएवढा, आणि पोपटाच्या पंखासारखा हिरवा. मधून मधून पांढऱ्या शिरा. मी तो तुळशीजवळ ठेवला. चांगला दिसत होता म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं.

धानोऱ्याच्या बाजारात मल्लय्या नावाचा माणूस लाल कापडावर अंगठीचे खडे मांडून बसतो. तो सिरोंचाचा. घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याला दगडाचं सांगितलं. तो आमच्याकडे दोनदा आला, दगड उन्हात धरून फिरवला आणि म्हणाला, पाचू. वरचा कच्चा आहे, खाली पिकलेला असणार. त्याने पंधरा हजार रुपये इसार दिला. ठरलं असं की पुढच्या उन्हाळ्यात बोडी त्याने खणायची आणि निघेल ते अर्धं अर्धं. त्या पैशांतून आमच्या घरावर नवी टिनं पडली.

मला मात्र बोडीचीच काळजी लागून राहिली. खालचा खडक फोडला की पाणी ठरणार नाही, हे घरचेही जाणत होते. मी एकदा बोलून पाहिलं तर म्हणाले, "पाचू निघाल्यावर धान लावते कोण?"

मी माणसांत बोलणारी नाही. घरीसुद्धा दोन शब्दांवर तिसरा माझ्या तोंडून निघत नाही. दिवाळीनंतर माझी थोरली नणंद कौसल्याबाई आली. आम्ही सगळे तिला बाई म्हणतो. ती अंगणवाडीत मदतनीस आहे आणि तहसीलदारासमोरही पान चघळत बोलते. तिला मी सांगितलं.

"पाचू हाये का गोटा, हे विचाराले काय जाते?" बाई म्हणाली. "चंद्रपूरले एका कॉलेजात दगडांचंच शिक्षण देतात. आमच्या गावचा मास्तर सांगे."

"तिथी बोलन कोण?"

"मी बोलीन. तू फक्त दगड धर."

घरचे लगेच हो म्हणाले. मोठ्या कॉलेजाने पाचू म्हटलं तर मल्लय्याकडून आणखी पैसे मागता येतील, असा त्यांचा हिशेब. त्यांचं मळणीचं काम चालू होतं, म्हणून आम्ही दोघीच निघायचं ठरलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडून चूक झाली. मोठ्या माणसांसमोर मळकी वस्तू नेणं मला जमत नाही. दगडाच्या खाचांत गाळ होता. घरातल्या तांब्याच्या गुंडाला, म्हणजे पाण्याच्या हंड्याला, आम्ही चिंच आणि राख लावतो, तशीच मी दगडाच्या एका अंगाला लावली आणि घासला. बारीक फेस उठला. मला वाटलं मळ सुटतो आहे, म्हणून भरपूर चिंच थापून तसाच ठेवून दिला. सकाळी धुतला तर त्या अंगाचा हिरवा रंग गेलेला. खाली पांढरट, तांबूस दगड, त्यात पिवळे चकाकते ठिपके. आमचा पाचू मी चिंचेने खरवडून टाकला होता.

मी कोणाला काही बोलले नाही. दगड जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि पितळी डब्यात बसवला.

चंद्रपूरच्या वाटेवर

गडचिरोली सोडलं की वैनगंगा लागते. पुलावरून पाहिली तर पाणी मधल्या धारेत आणि दोन्हीकडे वाळू, वाळूवर टरबुजाच्या वाड्या घालायची तयारी. बसमध्ये मला खिडकी मिळाली, पण मी अर्धी वाट डब्याकडेच पाहत होते. एका वळणावर डबा मांडीवरून घसरला आणि पुढच्या बाईच्या पायाजवळ आपटला. तिने उचलून दिला.

"माय वो, केवढा जड! लोखंडाचे लाडू बांधले का काय?"

"भावजयनं बांधले," बाई म्हणाली. "सैपाक तिचा तसाच हाये. आमचा भाऊ म्हणूनच बारीक झाला."

अख्खी बस हसली. मीही पदराआड हसले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

मूल गावाला बस थांबली तेव्हा बाईने सांबारवडी घेतली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, तोच मसाल्यात परतून बेसनात गुंडाळून तळलेला. सोबत पातळ कढी. घरी मी दहा वेळा केली असेल, पण तिथल्यासारखी खुसखुशीत होत नाही. तळणाऱ्या बाईला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

चंद्रपूर म्हणजे मोठं शहर. थंडीचे दिवस असून दुपारी अंगाला चटका बसत होता. किल्ल्याच्या दरवाजातून ऑटो, ट्रक सगळं एकमेकांना घासून जातं. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसलेली दिसली; कोळशाची, असं ऑटोवाल्याने सांगितलं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी गडूभर पाणी देतात, मग चहा. इथे टपरीवर चहा आला तो चमचाभर, कागदाच्या पेल्यात. बाईने पेला उलटा करून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, हा चाखाले दिला का? आता प्याचा देजो."

कॉलेज सापडलं, पण दगड ओळखणाऱ्या मॅडम नव्हत्या. त्या मुलांना घेऊन गडचांदूरकडच्या खडकांवर गेल्या होत्या आणि तीन दिवसांनी येणार होत्या. बाई एवढी बोलणारी, तीही पायरीवर बसली. मला तर आतून बरंच वाटलं. आता परत जाऊ, दगड तुळशीजवळ बिनधुतल्या बाजूने ठेवू, कोणाला कळणार नाही. तेवढ्यात बाई उठली.

"गडचांदूरले तर आपली वनिताच हाये."

वनिता म्हणजे बाईची मुलगी. तिचा नवरा सिमेंटच्या कारखान्यात पोती भरतो. आम्ही राजुऱ्यावरून तिकडे जाणारी बस धरली.

गडचांदूर

इथली झाडं राखाडी. पानांवर धूळ बसते, आणि कोणी झाडाला टेकलं की पाठीवर पांढरा शिक्का उठतो. वनिता रोज सकाळी तुळस धुते, पाणी घालते असं नाही, एकेक पान धुते. पण तिचं घर नीटनेटकं आणि माणसं मनमोकळी. भोवताली कापूस आणि तूर, धान कुठे दिसत नाही. रात्री ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि जवसाची चटणी वाढली. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तरी हात भाताची वाट पाहत राहिला. वनिताच्या सासूच्या ते लक्षात आलं.

"तुमी धानवाले तिन्ही टाइम भातच खाता म्हणे. पोट भरते कसं?"

"तुमचं भाकरीनं भरते तसंच," बाई म्हणाली. "फक्त आमाले चावाचे कष्ट नाई."

सकाळी जावयाने आम्हाला मोटारसायकलवरून एकेक करून नाल्याजवळ सोडलं. रस्त्यासाठी टेकडी कापली होती, तिथे दगडाचे थर एकावर एक, चपात्यांची चळत ठेवावी तसे. पंधरा-वीस मुलंमुली हातोड्या घेऊन ठोकत होती. मॅडम टोपी घालून, पायात जाड बूट, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. नाव मी विचारलं नाही, लाज वाटली.

बाईने सगळं सांगितलं. बोडी, मल्लय्या, इसार, टिनं, सगळं. मी डबा उघडून दिला. मॅडमनी दगड हातात तोलला आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं.

"एका बाजूला एवढा हिरवा आणि इकडे धुतल्यासारखा. असाच सापडला का?"

"असाच, जी," बाई म्हणाली. "देवाची करणी."

बाईला खरं ठाऊक नव्हतं. घरी तिने दगड धडपणे पाहिलाच नव्हता.

"कोणी ऍसिड वगैरे लावलं का याला? सोनाराने?"

"सोनाराकडे गेलोच नाई आमी."

मॅडम दगड फिरवून पाहत होत्या. म्हणाल्या, मला एक संशय आहे, पण ही बाजू अशी का झाली ते कळल्याशिवाय खात्रीने बोलणार नाही. तेवढ्यात एका मुलीने त्यांना हाक मारली. त्या दगड माझ्या हातात देऊन तिच्याकडे वळल्या. मुलीने विचारलं असेल की हा चुनखडीचाच दगड कशावरून. मॅडमनी खिशातून एक लहान बाटली काढली आणि टेकडीच्या दगडावर दोन थेंब सोडले. थेंब फसफसले. बारीक बुडबुडे आले आणि चुर्र असा आवाज झाला.

तो फेस मी ओळखला. माझ्या अंगणात तसाच उठला होता.

पंधरा-वीस मुलं, शहरातली, शिकलेली. न बोलता परत गेले असते तर मॅडमचा संशय संशयच राहिला असता, आणि उन्हाळ्यात मल्लय्या पहार घेऊन आला असता. मी मॅडमच्या मागे जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या पाठीला सांगितलं, कारण तोंडाकडे पाहून सांगता येत नव्हतं.

"मॅडम, याच्यावर पण असेच बुडबुडे आले होते. मी चिंच लावली होती. घासाले."

बाई म्हणाली, "चिंच? सिंधू, तू पाचूले चिंच लावली?"

"मळका होता, बाई."

मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या चटकन वळल्या.

"चिंच लावली, फेस आला आणि हिरवं उतरलं? बरोबर असंच झालं?"

"हो."

"रात्रभर ठेवली?"

"हो."

"मग तुम्ही माझं निम्मं काम घरीच करून आलात." त्यांनी मुलांना जवळ बोलावलं. दगडाच्या हिरव्या बाजूवर बाटलीतला थेंब टाकला. फेस आला, आणि थेंब हळूहळू हिरवा झाला. मग त्यांनी विचारलं, स्वच्छ लोखंडाचं काही आहे का? मुलांच्या हातोड्या गंजलेल्या. बाईने कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढून दिला. बाईचा अडकित्ता रोज सुपारी कातरून चकचकीत असतो. मॅडमनी तो हिरवा थेंब त्याच्या पात्यावर ओढला आणि थोडं थांबायला सांगितलं. मग पुसलं. पात्यावर तांबूस डाग उमटला होता, नव्या गुंडाच्या रंगाचा.

"हे काय आहे सांगा," मॅडम मुलांना म्हणाल्या. मुलांच्या आधी मीच बोलले. कशी बोलले, ठाऊक नाही.

"तांबा."

"तांबंच. या हिरव्या दगडाला मॅलाकाइट म्हणतात. खाली तांब्याचं खनिज आहे, हे पिवळे ठिपके दिसतात ते. त्यावर पाण्याचा, हवेचा परिणाम होऊन वर हिरवा थर धरतो. तुमच्या घरी तांब्याची भांडी आहेत ना?"

मग मला सगळं उलगडलं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक राहिलं तर हिरवं चढतं, ताक कळकतं आणि पिणाऱ्याला ओकारी होते. आई मला त्यावरून किती बोलली होती. बोडीतला दगडही तसाच कळकला होता. पाचू चिंचेने उतरत नसतो, असं मॅडमनी सांगितलं. चिंचेने उतरला तो पाचू नव्हता. मी काही बिघडवलं नव्हतं.

बाईचं लक्ष दुसरीकडेच होतं. "माझा अडकित्ता तांबडा केला, जी. आता सुपारी कळकन का?"

"राखेने घासा आणि धुवा, बाई. घासल्याशिवाय सुपारी खाऊ नका."

मग मीच बोडीच्या पाण्याचं विचारलं. एकदा तोंड उघडलं तर पुढचं सोपं गेलं. मॅडमनी विचारलं, मासे आहेत का. मी म्हटलं आहेत, झिंगेसुद्धा. पाणी पिता का. नाही, फक्त शेताला. त्या म्हणाल्या, तर बहुतेक काही नाही, तरी पाणी एकदा तपासून घ्या. (नंतर घेतलं, ठीक निघालं.) असे तांब्याचे दगड या भागात इथे तिथे सापडतात, एका बोडीपुरत्या तांब्यासाठी कोणी खाण काढत नाही. आणि जमिनीखालचं खनिज सरकारचं, कोणी इसार देऊन ते खणू शकत नाही. तुमच्या त्या माणसाला हे सांगा, नाहीतर तोही अडचणीत येईल.

जाताना त्यांनी दगडाचा एक तुकडा कॉलेजच्या कपाटासाठी मागितला. हातोडीने नीट मधून तोडला, अर्धं हिरवं, अर्धं चिंचेने उतरलेलं असा. एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली. वर छापलं होतं, कुठे सापडला आणि कोणाला सापडला. मी म्हटलं तुम्हीच लिहा, माझं अक्षर चांगलं नाही. त्या म्हणाल्या, माझंही नाही, मुलांना विचारा. म्हणून मी लिहिलं. गावाचं नाव आणि खाली सिंधू. सिंधूमधला धू पहिला की दुसरा, हे मी आधी जमिनीवर काडीने लिहून पाहिलं.

परत घरी

घरच्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टिनांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मंग मल्लय्याले सांगाचं काऊन? तो येईन, खणीन. नाई निघालं तर त्याचं नसीब."

मी भाजी चिरत होते. "त्याचं नसीब आपल्या बोडीत काऊन खणू द्याचं?" असं माझ्या तोंडून निघून गेलं.

बाई ओसरीवरून ओरडली, "गडचांदूरले जाऊन आली ना, बोलाले शिकून आली!"

घरचे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी धानाची चार पोती विकली आणि पाच हजार माझ्या हातात दिले. म्हणाले, मले त्याच्याकडे तोंड नाई दाखवता येत. दगडाचं तुमाले समजलं, तुमीच सांगा. बाकीचे दहा हजार उन्हाळ्यात देऊ म्हणा.

सिरोंचा

सिरोंचा म्हणजे दिवसभराचा रस्ता. आलापल्लीच्या पुढे सागाचं जंगल असं उभं की बसमध्ये अंधारून आलं. एवढे सरळ साग मी पाहिले नव्हते. खड्डे इतके की बाईच्या तोंडातलं पान दोनदा सांडलं. पुढे पुढे दुकानांच्या पाट्या मला वाचता येईनात. अक्षरं तेलुगू, गोल गोल, जिलब्या मांडल्यासारखी. मला गंमत वाटली. आमच्याकडची शिकलेली माणसंही इथे माझ्यासारखीच, असं मनात येऊन गेलं.

मल्लय्याचं घर नदीकडच्या गल्लीत. दारात रांगोळी, उंबऱ्याला हळद. तो दारातच भेटला आणि आमच्या हातात डबा पाहून त्याचा चेहरा फुलला. तेव्हा मला वाईट वाटलं.

बाईने सांगायला सुरुवात केली, पण तांबं, भिंग, बाटली यात ती अडकली. मल्लय्याला वाटलं आम्ही किंमत वाढवायला आलो आहोत.

"कॉलेजवाले काईपण सांगतात, अम्मा," तो बाईला म्हणाला. "ते किताब वाचतात. मी माल पाह्यतो."

मी आत पाहिलं. त्याची बायको चुलीजवळ माशाच्या कालवणासाठी चिंच कोळत होती. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले, चिंचेकडे बोट दाखवलं, तिने वाटी पुढे केली. मी दगड मांडीवर घेतला आणि हिरव्या बाजूवर चिंच चोळली. चौघं वाकून पाहू लागलो. फेस उठला. फडक्याने पुसलं तर फडकं हिरवं.

मल्लय्याने फडकं उन्हात नेऊन पाहिलं. परत आला आणि पाटावर बसला.

"पंचवीस वर्षांपासून पाचू विकून राह्यलो," तो म्हणाला. "दहा रुपयांचा, वीस रुपयांचा. काच हाये ती, मले मालूम. पण खरा पाचू कसा असते, मी एकदाही पाह्यला नाई, अम्मा. तुमचा दगड पाह्यला तर वाटलं, हाच असन."

त्याची बायको त्याला तेलुगूत काहीतरी म्हणाली. लांब म्हणाली. बाईने विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, इसारातले दहा हजार जावयाचे होते, मी ते पाचूसाठी उसने आणले. आणखी म्हणते. ते मी सांगत नाई."

मी पाच हजार त्याच्यापुढे ठेवले आणि बाकीचे उन्हाळ्यात देऊ म्हटलं. खाली खणलं तर सरकारचं प्रकरण होतं, हेही सांगितलं. तो म्हणाला, तोवर बोडीला हात लावणार नाई. पण इसार पुरा मिळाल्याशिवाय सौदा तुटला असं मी म्हणणार नाई, जावयाले मी काय सांगू? ते मला रास्त वाटलं.

जेवण त्यांनी आग्रहाने वाढलं. गोदावरीचा मासा, चिंचेचं आंबट लालभडक कालवण आणि भात. भाताचा मोठा ढीग. भाकरीवर काढलेलं गडचांदूर आठवून मी मनसोक्त जेवले. तिखट असं की डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहून हसून ताकाचा पेला सरकवला. आम्ही दोघी भांडी घासायला नदीवर गेलो. एकही शब्द नाही, आणि वेळ छान गेला. तिने मला राखेऐवजी नदीची बारीक वाळू दिली. त्या वाळूने भांडी लवकर चमकतात. येताना मी पदरात थोडी बांधून आणली.

बाईचं म्हणणं, एवढ्या लांब येऊन माणूस वाळू नेते, ही आमचीच भावजय.

धानोऱ्याचा बाजार

चैत्रात मोहफुलं भरपूर पडली. पहाटे उठून आम्ही सगळे वेचायला जात होतो. मग तेंदूपत्ता आला. मी आणि माझी मुलगी पानं तोडत होतो, दुपारी सावलीत बसून पुडे बांधत होतो. घरच्यांनी बोडीतले मासे विकले. कोणी कोणाला जास्त काही बोललं नाही, पण पैसे एका डब्यात पडत गेले. रोहिण्यांच्या सुमाराला दहा हजार झाले. बोडीत तेव्हा तळाला थोडंसं पाणी होतं आणि त्यात बगळे उभे होते.

बाजाराच्या दिवशी मी आणि घरचे दोघंही गेलो. मल्लय्या लाल कापडावर बसला होता. मी पैसे पुढे केले. त्याने घेतले नाहीत. आधी उठून शेजारच्या बांगडीवाल्याला आणि पलीकडच्या मिरचीवाल्या बाईला बोलावून आणलं. त्याच्याकडचा रिवाज असा की सौदा तोडायचा तर दोन माणसांच्या समोर. मग पैसे घेतले आणि बोटाला थुंकी लावून तेलुगूत मोजले. मध्ये गिऱ्हाईक आलं, त्याला थांब म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"बराबर," तो म्हणाला. "माझे पैसे आले. बोडीवर माझा हक नाई. आता तुमी बोला."

घरचे बोलायला लागले तर त्याने हात वर केला.

"ज्यानं हातात दिले त्यानंच बोलाचं. अम्मा, मोठ्यानं. हा बांगडीवाला बहिरा हाये."

भोवती दहा-बारा माणसं जमली होती. मिरच्यांचा ठसका लागत होता. मी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मल्लय्याभाऊचे पंधरा हजार आमी दिले. पूर्ण फिटले."